संमतीचं बटण

डीसीएस नावाच्या सिम्युलेटरमधलं ए-१०सी हे विमान नुसतं सुरू करायला मला पहिल्या आठवड्यात पंचवीस मिनिटं लागायची. उडवणं पुढचं. बॅटरी, इन्व्हर्टर, इंधनाचे पंप, मग एपीयू, म्हणजे मोठ्या इंजिनांना जाग आणण्यापुरतं एक छोटं इंजिन, मग त्याचा जनरेटर, मग डावं इंजिन, मग उजवं. एवढं झालं की आपण पृथ्वीवर नेमके कुठे उभे आहोत हे विमानाला उमगेपर्यंत चार-पाच मिनिटं गप बसून राहायचं. कीबोर्डवरचं डावं विंडोज बटण आणि होम ही दोन बटणं एकत्र दाबली तर हे सगळं विमान आपलं आपण करतं. ही सोय सगळ्यांना माहीत असते, आणि या छंदातली माणसं ती सहसा वापरत नाहीत.

का वापरत नाहीत, याचं एक उत्तर बर्नार्ड सूट्स या तत्त्वज्ञानं १९७८ साली देऊन ठेवलं आहे. खेळ म्हणजे काय, तर ज्या अडथळ्यांची काही गरज नाही ते आपण होऊन अंगावर घेणं. गोल्फचा चेंडू हातानं उचलून भोकात टाकता येतोच की! तसं केलं तर मात्र तो गोल्फ उरत नाही. हे उत्तर मला पटतं, पण अर्धंच. गोल्फमध्ये त्या भोकात कोणी राहत नाही.

मी चार वर्षं या छंदात आहे. शेजारपाजारचे 'गेम खेळते' म्हणतात, मी 'सिम' म्हणते. आम्हा लोकांची ही एक खोड आहे. हिंसक गेम खेळून माणूस हिंसक होतो का, या चर्चेत मला रस नाही. माझ्यापुरतं बोलायचं तर मी झुरळ मारायलाही दुसऱ्याला हाक मारते. मला पडलेला प्रश्न वेगळा आहे. एखादी कृती हातात इतकी मुरवली की ती करताना विचार लागतच नाही, तर ती करावी की करू नये हा विचार नेमका कुठे, कधी आणि कोण करतं?

आधी हातांबद्दल सांगते, कारण ज्यांनी हे कधी पाहिलेलं नाही त्यांना वाटतं की जॉयस्टिक म्हणजे एक दांडा आणि एक गोळीचं बटण. ए-१०सीच्या दांड्यावर उजव्या अंगठ्याखाली चार दिशांना ढकलता येणारी छोटी छोटी टोपणं आहेत, आणि डाव्या हातातल्या थ्रॉटलवर तितकीच गर्दी आहे. या सगळ्याला मिळून हॉटास म्हणतात: हात थ्रॉटलवर आणि दांड्यावरच ठेवायचे, तिथून हलवायचे नाहीत. एकच टोपण थोडा वेळ दाबलं तर एक काम होतं, जास्त वेळ दाबलं तर दुसरं. आणि त्या क्षणी कोणता पडदा 'आपला' आहे त्यावर दोन्ही कामं बदलतात. टीएमएस नावाचं टोपण पुढे लांब दाबलं की जिथे बघतो आहोत ती जागा विमानाच्या लेखी 'ती जागा' ठरते. मग डाव्या हातानं चायना हॅट पुढे लांब दाबली की कॅमेरा, क्षेपणास्त्राचा डोळा, सगळे त्या जागेकडे माना वळवतात. हे मी लिहिते आहे आणि माझी बोटं टेबलावर हलताहेत. शब्दांत सांगायला मला थांबून आठवावं लागतं, बोटांना आठवावं लागत नाही.

पहिले काही महिने हे सगळं पाठांतर असतं. भिंतीला चिकटवलेला कागद, वहीत काढलेली दांड्याची चित्रं. मग एके दिवशी कागदाकडे बघणं थांबतं, आणि ते कधी थांबलं हे सांगता येत नाही. पोहायला किंवा सायकल चालवायला शिकताना होतं तसंच. शिकण्याचा हा भाग मला अजूनही निखळ सुंदर वाटतो. त्यात नम्रपणा आहे. यादी वाचायची, वाचलेलं करायचं, केलेलं पुन्हा बघायचं.

ही यादीसुद्धा मरणातून आलेली आहे. ३० ऑक्टोबर १९३५ रोजी अमेरिकेत राइट फील्डवर बोईंगचं मॉडेल २९९ हे नवं बॉम्बफेकी विमान चाचणीसाठी उडालं आणि लगेच कोसळलं. जमिनीवर असताना वाऱ्यानं शेपटीचे पडदे हलू नयेत म्हणून लावलेली कडी काढायची राहिली होती. दोन माणसं गेली. वैमानिक नवशिके नव्हते, विमान एका माणसाच्या लक्षात मावेल त्यापेक्षा मोठं झालं होतं. त्यानंतर वैमानिकांनी कागदावर यादी लिहिली, आणि तेच विमान पुढे बी-१७ म्हणून हजारोंनी बनलं. दुसऱ्या महायुद्धात त्या बी-१७चे वैमानिक उतरल्यावर फ्लॅपऐवजी चाकंच आत घ्यायचे आणि विमान पोटावर बसायचं. आल्फॉन्स चपानीस नावाच्या मानसशास्त्रज्ञानं पाहिलं, तर दोन्ही खटके शेजारीशेजारी आणि हुबेहूब सारखे. त्यानं चाकांच्या खटक्याला रबराचं छोटं चाक लावलं आणि फ्लॅपच्या खटक्याला पाचरीसारखा तुकडा. अंधारात हाताला कळेल असं. आजही विमानांत चाकांच्या दांडीला चाकाच्या आकाराची मूठ दिसते.

म्हणजे कॉकपिटची सगळी घडण एकाच दिशेनं चालली आहे: माणसाच्या डोक्यावरचा भार काढून हातावर टाकायचा. घाबरलेला, दमलेला, रात्रीचा माणूसही चुकू नये.

माझे आजोबा ओझरला एचएएलमध्ये फिटर होते. नाशिकच्या त्या कारखान्यात मिग-२१ तयार व्हायची. सिम्युलेटरमध्ये मिग-२१ बीआयएस आहे, म्हणून एका सुट्टीत मी त्यांना ते दाखवलं. हिरव्या-निळ्या रंगाचं ते कॉकपिट पडद्यावर आलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग जॉयस्टिक हातात घेऊन इकडेतिकडे हलवली आणि म्हणाले, "याला ओझंच नाही गं." खरंच नाही. माझ्या जॉयस्टिकला नुसती स्प्रिंग आहे, वाऱ्याचा जोर तिला कळत नाही. मग त्यांनी पॅनेलवरच्या पांढऱ्या उभ्या पट्टीवर बोट ठेवलं. विमान भोवऱ्यात सापडून गरगरायला लागलं की वैमानिकाला वर-खाली, डावं-उजवं काही कळत नाही. तेव्हा दांडा त्या पट्टीकडे ढकलायचा, म्हणजे तो मध्यात येतो. डोकं चालेनासं होईल त्या वेळेसाठी आधीच रंगवून ठेवलेली एक रेघ.

मला ही पट्टी फार आवडते. वैमानिकाचा जीव वाचवायला हात विचाराविना चालला पाहिजे, यात कोणाला काय वावगं वाटणार? अडचण अशी, की दुसऱ्याचा जीव घेणारं बटण त्याच दांड्यावर, त्याच हातात, त्याच पद्धतीनं शिकलेलं असतं. सरावाला हा फरक कळत नाही.

महाभारतात आदिपर्वात एक छोटी गोष्ट आहे, पक्ष्याच्या डोळ्याच्या गोष्टीइतकी ती प्रसिद्ध नाही. अर्जुन रात्री जेवत असताना वाऱ्यानं दिवा विझतो. अंधारातही त्याचा हात बरोबर तोंडाकडे जात राहतो. त्याच्या लक्षात येतं की ही सवयीची करामत आहे, आणि तो रात्री धनुर्विद्येचा सराव सुरू करतो. हॉटासचं यापेक्षा नेमकं वर्णन मला कुठल्या मॅन्युअलमध्ये सापडलेलं नाही. घास तोंडात घालणं आणि बाण सोडणं, दोन्ही एकाच वाटेनं हातात उतरतात. पक्ष्याची गोष्ट आपण एकाग्रतेचा धडा म्हणून शाळेपासून ऐकतो, पण तो पक्षी खोटा होता हे सहसा सांगितलं जात नाही. द्रोणांनी तो कारागिरांकडून बनवून झाडावर ठेवलेला होता. झाड दिसत नाही, भाऊ दिसत नाहीत, गुरुजी तुम्हीही दिसत नाही, असं सांगणारा शिष्य उत्तीर्ण. (एकलव्यानंही मूर्तीसमोरच सराव केला. त्याचं काय घेतलं गेलं, तर अंगठा. हॉटासवाल्या माणसाला हे ऐकताना जरा जास्तच कळ येते.)

आणि मग कुरुक्षेत्रावर, गीतेच्या पहिल्याच अध्यायात, अर्जुनाच्या त्याच हातातून गांडीव गळायला लागतं. तो अंधारात सराव केलेला हात. समोरची माणसं दिसली, एवढंच झालं. पुढचे सतरा अध्याय कोणी कसे वाचावेत यावर मी बोलणार नाही, तो माझा वकूब नाही. पण हात गळण्याचा तो क्षण मला इथे हवा आहे, कारण सरावात त्याची तरतूद कुठेच नसते.

आता ज्या बटणासाठी हे लिहायला घेतलं, त्याकडे येते. ए-१०सीमध्ये बॉम्ब टाकण्याच्या एका पद्धतीला 'कन्सेंट टू रिलीज' म्हणतात. सोडायला संमती. कधीकधी बॉम्ब जिथे पडणार ती जागा विमानाच्या नाकाखाली लपलेली असते, समोरच्या काचेवर दिसत नाही. तेव्हा काचेवरची खूण लक्ष्यावर आणायची, अंगठ्यानं लाल बटण दाबायचं आणि दाबून धरायचं. लगेच काही होत नाही. काचेवर एक उभी रेघ येते, तिच्यावर विमान धरायचं, नाक हळूहळू वर घ्यायचं. गणित जुळलं की संगणक बॉम्ब सोडतो. त्याआधी अंगठा उचलला तर बॉम्ब सुटत नाही.

म्हणजे मी बॉम्ब टाकत नाही. मी 'हो' म्हणते आणि काही सेकंद 'हो' म्हणत राहते. टाकण्याचा क्षण यंत्र ठरवतं. लक्ष्य बहुतेक वेळा जमिनीवरचा नियंत्रक सांगतो. सिम्युलेटरमध्येही त्याचा आवाज येतो, नऊ ओळींत माहिती देतो आणि शेवटी परवानगी देतो. त्याची संमती, माझी संमती, यंत्राचं गणित. ज्या कोणी इंजिनिअरनं या सोयीला 'कन्सेंट' हे नाव दिलं, त्याला नीतिशास्त्र करायचं नसणार, त्याला एक तांत्रिक शब्द हवा होता. तरी शब्द अचूक पडला आहे. या सबंध विमानात, शेकडो खटक्यांमध्ये, माणसाची गरज नक्की कशासाठी आहे ते त्यानं लिहून ठेवलं.

आणि मी ही संमती द्यायला कशी शिकले? इंजिन सुरू करायला शिकले तशीच. आधी कागदावर बघून, मग न बघता. आता नियंत्रकानं परवानगी दिली की अंगठा आपोआप जागेवर येतो. संमती या शब्दात आपण जे धरतो, क्षणभर थांबणं, तोलणं, नाही म्हणता येण्याची शक्यता, ते सरावानं झिजवून काढायचं असतं. तोच तर सराव.

यावर माझे सिमवाले मित्र म्हणतात, "अगं, पण मरतंय कोण? पिक्सेल." बरोबर आहे. पण खेळ आणि कवायत यांच्यातली भिंत पहिल्यापासून कच्च्या विटांची आहे. एडविन लिंक यानं १९२९ साली वडिलांच्या पियानो आणि ऑर्गनच्या कारखान्यात, ऑर्गनचेच भाते वापरून पहिलं चांगलं उड्डाण-शिक्षण यंत्र बनवलं. सुरुवातीला ते गेलं कुठे, तर करमणुकीच्या बागांत, नाणं टाकून बसायचा पाळणा म्हणून. १९३४ साली अमेरिकी सैन्याचे वैमानिक खराब हवेत टपाल नेताना मेले, तेव्हा सैन्यानं त्यातली सहा यंत्रं विकत घेतली आणि पाळण्याचं शस्त्र-शिक्षण झालं. माझ्या ए-१०सीचा प्रवास उलटा आहे. अमेरिकेच्या एअर नॅशनल गार्डसाठी बनवलेल्या सिम्युलेटरवरून ते आमच्यासारख्यांसाठी काढलं. तेव्हा 'हे नुसतं खोटं आहे' असं मला छातीठोकपणे म्हणता येत नाही. लक्ष्य खोटं आहे. अंगठ्याला मिळालेलं शिक्षण खरं आहे.

लक्ष्याची जागाही खरी असते. सीरियाचा नकाशा २०२० साली आला, तिथलं युद्ध चालू असताना. त्यात अलेप्पो आहे, दमास्कस आहे, आणि पलीकडे तुर्कस्तानातला इंजिर्लिकचा तळ आहे, जिथून खरी ए-१० विमानं त्या युद्धात उडाली. मी अलेप्पोवरून अगदी खालून गेले आहे. घरं आहेत, गच्च्या आहेत, रस्ते आहेत. पायी चालणारं माणूस मला तिथे कधी दिसलं नाही. द्रोणांच्या परीक्षेत शिष्याला झाड आणि भाऊ प्रयत्नानं बाजूला सारावे लागले असतील. इथे ते काम आधीच करून दिलेलं आहे.

मागच्या वर्षी फोनवर एक व्हिडिओ समोर आला. कुठल्या युद्धातला, ते मथळ्यावरून धड कळत नव्हतं. विमानाच्या कॅमेऱ्यातलं काळं-पांढरं चित्र. मला काय दिसलं ते त्याच क्रमानं सांगते. लेझर चालू असल्याची खूण. पांढरं म्हणजे गरम, ही मांडणी. चित्र हळूहळू फिरतंय, म्हणजे विमान लक्ष्याभोवती वळतंय. कोपऱ्यातला आकडा, म्हणजे बॉम्ब पोचायला उरलेले सेकंद. अकरा, दहा, नऊ. माझा उजवा अंगठा फोनच्या कडेवर किंचित पुढे सरकला. आणि त्यानंतर दिसलं की मधला पांढरा ठिपका पळत होता.

दिसण्याचा हा क्रम मला त्या रात्री झोपू देईना. माझ्यात क्रौर्य आलंय असं मला वाटलं नाही, आजही वाटत नाही. ही एक प्रकारची साक्षरता आहे. वाचायला येणाऱ्याला दुकानाची पाटी नुसत्या रेघोट्या म्हणून बघता येत नाही. तसं मला ते चित्र न वाचता बघता येत नाही. १९९१च्या आखाती युद्धात जनरल श्वार्झकॉफ यांनी पत्रकारांना असाच एक व्हिडिओ दाखवला होता. पुलावर बॉम्ब पडायच्या काही क्षण आधी एक गाडी बरोबर निशाणाच्या खुणेतून जाते आणि वाचते. जनरलनी त्या ड्रायव्हरच्या नशिबावर विनोद केला आणि खोलीतले लोक हसले. त्यांना तर हॉटास माहीत नव्हता. तेव्हा माणूस ठिपका व्हायला सिम्युलेटर लागतोच असं नाही. निशाणाच्या खुणेतून बघितलं की पुरतं.

पण याच साक्षरतेची एक दुसरी बाजू आहे, आणि तिच्यामुळे मी जॉयस्टिक विकून टाकलेली नाही. मराठीत आपण म्हणतो, 'बॉम्ब पडला'. पाऊस पडला, आंबा पडला, तसा. बातमीत येतं, 'हल्ला झाला', जसं लग्न झालं. ही वाक्यं आता माझ्या कानाला खटकतात. पडण्याआधी काय काय होतं ते मला हातानं माहीत आहे. खटका सेफवरून आर्मवर न्यावा लागतो. जागा निवडावी लागते. बटण दाबून धरावं लागतं, आणि त्या धरलेल्या सेकंदांत अंगठा उचलता येतो. 'सगळं इतकं पटकन घडलं की' असं कोणी म्हणालं तर मला विचारावंसं वाटतं, कुठलं पटकन? लेझरच्या बॉम्बमध्ये तर तो सुटल्यावरही निशाण रिकाम्या शेतात सरकवायला थोडा अवकाश असतो. यंत्रं हातात मुरवून घेताना ज्या कृतीतून माझा विचार निघून गेला, त्याच कृतीत विचाराची जागा कुठे होती हेही मला ती शिकल्यामुळेच कळलं. न शिकलेल्या माणसाला बॉम्ब आभाळातून पडतो. मला तो कोणाच्या तरी अंगठ्याखालून निघालेला दिसतो.

या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. त्यांची वजाबाकी करून हातात काय उरतं, ते मला अजून काढता आलेलं नाही.

या दिवाळीत पंधरा वर्षांचा मावसभाऊ आला होता. त्याला ए-१०सी शिकायचं होतं. मी विंडोज-होमची सोय सांगितली नाही; दोन दिवस त्याच्याकडून इंजिन सुरू करवून घेतलं आणि तिसऱ्या दिवशी उतरायला शिकवलं. चौथ्या दिवशी तो शस्त्रांच्या पॅनेलवर आला. मास्टर आर्मच्या खटक्याला तीन जागा आहेत: आर्म, सेफ आणि ट्रेन.

"ताई, ट्रेन म्हणजे?"

"म्हणजे सराव. सगळं खऱ्यासारखं होतं. बटण दाबायचं, आकडे चालतात, पण विमानातून काही सुटत नाही."

त्यानं खटका त्या जागेवर नेला, परत आणला. जरा विचार करून म्हणाला, "पण आर्मवर ठेवलं तरी काही सुटत नाहीच ना? आपण घरात बसलोय."

"हो."

"मग फरक काय?"

"आर्मवर ठेवलं की स्फोट दिसतो."

"मग ट्रेन कोण वापरतं?"

मी चार वर्षांत कधी वापरलेलं नव्हतं, तसं त्याला सांगितलं. त्यानं मान डोलावली, खटका आर्मवर केला आणि विचारलं, "आता अंगठा कुठे ठेवू?"